एककल्ली की स्वमग्न?

दरवर्षी २ एप्रिल हा दिवस जगभर स्वमग्नता-जागृतीचा दिवस म्हणून पाळला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २००७ मध्ये तसा ठराव केला आणि २००८ पासून हा प्रघात पडला. आपल्याकडेही त्या दिवशी फेऱ्या निघतात, व्याख्याने होतात, वृत्तपत्रांतून लेख येतात. या साऱ्यांत एक गोष्ट न चुकता आढळते. चित्र असते ते मुलाचे, प्रश्न असतो तो पालकांचा आणि सल्ला असतो तो बालरोगतज्ज्ञाचा. स्वमग्न मूल अठराव्या वाढदिवशी कोठे अंतर्धान पावते, हे मात्र कोणी सांगत नाही. वस्तुतः ते कोठेच जात नाही. ते मोठे होते, परीक्षा देते, नोकरीला लागते, बोहल्यावर चढते आणि यथाकाल निवृत्तही होते. लहानपणी ज्यांचे नाव कोणत्याच नोंदवहीत चढले नाही, अशा कित्येकांना आता पस्तिशी-पन्नाशीत स्वतःविषयी शंका येऊ लागली आहे. ही शंका केवळ मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू वस्त्यांपुरती राहिलेली नाही. जळगाव-धुळ्याकडील शिक्षक, कारकून आणि महाविद्यालयीन विद्यार्थीही ती बाळगून आहेत, आणि ती घेऊन जायचे कोठे, हे त्यांना ठाऊक नाही.

अशा माणसांसाठी मराठी भाषेने शब्दांची ददात ठेवलेली नाही. घुमा, एकलकोंडा, एककल्ली, तऱ्हेवाईक, माणूसघाणा, हेकट, शिष्ट, चक्रम असे डझनभर शब्द कोश न उघडताही आठवतील. यांतील प्रत्येक शब्द स्वभावाचे वर्णन करतो असे वरकरणी वाटते. प्रत्यक्षात तो निकाल देऊन मोकळा होतो. 'हेकट' म्हटले की वागणे हेतुपुरस्सर आहे हे गृहीत धरले जाते. 'शिष्ट' म्हटले की त्यामागे गर्व आहे हे ठरून जाते. जळगावच्या एखाद्या कचेरीतील कारकून वीस वर्षांपूर्वीच्या फाइलींचे क्रमांक तोंडपाठ सांगतो. पण साहेबांच्या निरोपसमारंभात चार शब्द बोलण्याची पाळी आली की त्या दिवशी रजा टाकतो. धुळ्याच्या एखाद्या शाळेतील गणिताचे शिक्षक उत्तम शिकवतात. परंतु शिक्षकांच्या खोलीतील थट्टेत कोण खरोखर रागावले आणि कोण लटकेच, याचा उलगडा त्यांना होत नाही. ऐन वेळी तास बदलला तर त्यांचा सारा दिवस नासतो. हिवाळ्यात शेतावर भरीत-पुरीचा बेत ठरतो तेव्हा अशा माणसाला भरीत आवडत नाही असे नाही. पन्नास माणसांच्या गलक्यात, पाठीवर पडणाऱ्या थापांत आणि अचानक होणाऱ्या विनोदांत ते त्याच्या घशाखाली उतरत नाही, इतकेच. यांपैकी एकाही गोष्टीवरून कोणी स्वमग्न ठरत नाही, हे येथेच स्पष्ट केले पाहिजे. पण या गोष्टी बालपणापासून, एकत्रितपणे आणि माणसाला थकवून टाकतील इतक्या तीव्रतेने असतील, तर त्यांना स्वभावदोष म्हणून झटकून टाकणे हे अज्ञान होय.

'स्वमग्नता' हा शब्दही फारसा उपयोगी पडत नाही. युजेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने १९११ च्या सुमारास ग्रीक भाषेतील 'स्व'वाचक शब्दावरून 'ऑटिझम' ही संज्ञा रूढ केली, तीसुद्धा छिन्नमनस्कतेच्या संदर्भात. मराठीने तिचे शब्दशः भाषांतर केले. परंतु 'मग्न' म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे समाधी लावून बसलेला साधक येतो, नाहीतर आपल्यातच खूष असलेला आत्मसंतुष्ट गृहस्थ. प्रत्यक्षात अनेकांची तक्रार नेमकी उलटी असते. जग त्यांना कमी नव्हे, तर फार जाणवते. नळीच्या दिव्याची गुणगुण, सदऱ्याच्या कॉलरमागची चिठ्ठी, वरातीतला ढोल, शेजारच्या टेबलावरील अत्तर यांतले काहीच त्यांच्या मनाला बाजूला सारता येत नाही. मग ते स्वतःच बाजूला होतात, आणि लोक म्हणतात, मग्न आहे!

या अवस्थेचे आजचे रूप ज्यावरून ओळखले गेले तो निबंध लिओ कॅनर यांनी अमेरिकेतील बाल्टिमोर येथून १९४३ मध्ये अकरा मुलांची निरीक्षणे नोंदवून प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी व्हिएन्नाच्या हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी बोलण्यात चतुर पण व्यवहारात अडखळणाऱ्या मुलांचे वर्णन केले. त्याआधी १९२५ मध्ये ग्रुन्या सुखारेवा या रशियन विदुषीने अशाच मुलांविषयी लिहून ठेवले होते. पण त्यांचे नाव अनेक दशके कोणी घेतले नाही. अ‍ॅस्पर्गर यांचे लेखन जर्मनीत असल्याने इंग्रजी जगाला ते जवळजवळ अज्ञात राहिले. लोर्ना विंग या ब्रिटिश विदुषीने १९८१ मध्ये त्याकडे लक्ष वेधले, तेव्हा कोठे एका गोष्टीचा बोध होऊ लागला: बोलू शकणारा, शिकू शकणारा, पदवी घेणारा मनुष्यही स्वमग्न असू शकतो. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या नियमग्रंथात बालपणीची स्वमग्नता १९८० मध्ये स्वतंत्रपणे दाखल झाली, अ‍ॅस्पर्गर यांच्या नावाचा प्रकार १९९४ मध्ये आला आणि २०१३ मध्ये हे सारे भेद मोडून एकाच विस्तृत पटाची कल्पना स्वीकारण्यात आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणातही तेच धोरण आहे. (अ‍ॅस्पर्गर यांचे नाव आता मागे पडले याचे आणखी एक कारण आहे. नाझी राजवटीत अपंग मुलांना जेथे मृत्यूच गाठत असे, अशा संस्थेकडे त्यांनी काही मुले पाठविल्याचे पुरावे २०१८ मध्ये संशोधकांनी प्रसिद्ध केले.)

या तारखांना खानदेशच्या दृष्टीने अर्थ आहे. अमळनेर, चोपडा, साक्री किंवा शिरपूर येथे १९७०-८० च्या दशकात शाळेत गेलेल्या आणि वेळेवर बोलू लागलेल्या मुलाला 'स्वमग्न' म्हणणे त्या काळी जगातल्या बहुतेक डॉक्टरांनाही शक्य नव्हते. मग गावच्या गुरुजींना किंवा आईवडिलांना दोष कसा द्यायचा? आज पन्नाशीत आपल्याविषयी विचार करणारा मनुष्य काही नवे खूळ डोक्यात घेतो असे नव्हे. त्याच्या लहानपणी ज्या प्रश्नाला नावच नव्हते, तो प्रश्न तो आता विचारतो.

कॅनर यांच्या अकरा मुलांतील पहिल्याची कहाणी कारकून वाचकांना विशेष रुचावी. डोनाल्ड ट्रिप्लेट हा मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहानशा गावचा मुलगा. आकड्यांचे अपार वेड, माणसांकडे दुर्लक्ष, ठरल्या गोष्टीत बदल झाला की आकांत. कॅनर यांनी त्याला १९३८ मध्ये प्रथम तपासले. हा मुलगा पुढे पदवीधर झाला, आपल्या गावच्या बँकेत नोकरीला लागला, सहा दशकांहून अधिक काळ तेथे काम केले, मोटार चालवली, गोल्फ खेळला, एकट्याने देशोदेशी हिंडला आणि २०२३ मध्ये एकोणनव्वदाव्या वर्षी वारला. वैद्यकाच्या इतिहासात ज्याचे निदान सर्वांत आधी झाले तो मनुष्य आयुष्यभर बँकेत नोकरी करीत होता, ही गोष्ट 'स्वमग्न म्हणजे काहीच न करू शकणारा' या समजुतीला पुरेसे उत्तर आहे. अर्थात ती बँक त्याच्या आईच्या घराण्याची होती, हेही सांगितले पाहिजे. गावाने त्याला सांभाळून घेतले, त्यात या गोष्टीचा वाटा थोडाथोडका नव्हता.

मधल्या काळात शास्त्राने एक मोठा प्रमादही केला. आईच्या थंडपणामुळे मूल असे होते, हा सिद्धान्त ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या ग्रंथातून लोकप्रिय केला आणि हजारो आयांच्या माथी पाप मारले. बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ मध्येच त्याविरुद्ध लिहिले होते. पुढे १९७७ मध्ये सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या एकवीस जोड्यांचा अभ्यास करून या अवस्थेत आनुवंशिकतेचा मोठा भाग आहे हे दाखवून दिले. त्या अभ्यासाने आयांची सुटका केलीच. पण एक अनपेक्षित दारही उघडले. मूल स्वमग्न असेल, तर घरात आणखी कोणी तसे असण्याचा संभव वाढतो.

आज प्रौढांच्या मनात शंका शिरते ती बहुधा याच दाराने. मुलगा चौथीत आहे, शाळेने काही सुचविले आहे, पती-पत्नी त्याला घेऊन नाशिकला किंवा पुण्याला तज्ज्ञांकडे जातात. तज्ज्ञ प्रश्न विचारीत जातात: तो एकच खेळ तासन्‌तास खेळतो का, गर्दीत कान झाकतो का, बोललेल्याचा शब्दशः अर्थ घेतो का. आई उत्तरे देते आणि बाप हळूहळू गप्प होतो. कारण प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्याला स्वतःच्या बालपणातून सापडत असते. परतीच्या प्रवासात ही गोष्ट तो बोलत नाही. घरी आल्यावर रात्री मोबाइलवर तो एखादी प्रश्नावली उघडतो.

या प्रश्नावल्यांविषयी नीट समजून घेणे अगत्याचे आहे. सर्वांत प्रसिद्ध प्रश्नावली केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये तयार केली. तिच्यात पन्नास विधाने आहेत आणि बत्तीस किंवा त्याहून अधिक गुण मिळाले तर पुढील तपासणी करावी, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढील तपासणी करावी, निदान झाले असे नव्हे. चाळणी आणि तराजू यांत जो फरक आहे, तोच येथे आहे. शिवाय ती विधाने इंग्रज मध्यमवर्गाच्या जीवनातून आली आहेत. मेजवानीपेक्षा ग्रंथालय बरे वाटते का, संग्रहालयापेक्षा नाटक आवडते का, अशा धाटणीचे प्रश्न साक्रीच्या वा पारोळ्याच्या मनुष्याने कसे सोडवायचे? डोळ्याला डोळा न भिडवणे हे तिकडे लक्षण मानले जाते. इकडे वडीलधाऱ्यांसमोर नजर खाली ठेवणे हा संस्कार आहे. घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि प्रश्नावली इंग्रजीत, अशा तीन पायऱ्या ओलांडून आलेल्या उत्तराची किंमत किती धरायची, याचा विचार कोणी करावयाचा?

दुसरेही एक पथ्य आहे. समाजाची धास्ती, दीर्घ नैराश्य, विचारांची सक्ती, लक्ष एकाग्र न होण्याचा विकार, लहानपणी भोगलेला छळ, इतकेच काय, पण न ओळखलेला बहिरेपणा यांतूनही माणूस लोकांपासून दूर राहू लागतो. यांतील कित्येकांवर औषध आहे, उपचार आहे. स्वमग्नतेचा शिक्का स्वतःच मारून घेतला, तर ज्यावर इलाज होता ते दुखणेही तसेच राहते. उलट, असेही पुष्कळदा होते की चिंता आणि नैराश्य यांसाठी वर्षानुवर्षे गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या मुळाशी न ओळखलेली स्वमग्नता असते आणि डॉक्टरांनाही ते सुचत नाही. रक्ततपासणी किंवा मेंदूचे छायाचित्र यांवरून निदान होत नाही. ते होते दीर्घ मुलाखतीने, निरीक्षणाने आणि बालपणाच्या पुराव्याने. त्यासाठी वेळ लागतो, आणि सरकारी बाह्यरुग्ण विभागात सर्वांत दुर्मीळ वस्तू कोणती असेल तर वेळ.

स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. मुली लहानपणापासून इतरांचे पाहून वागणे शिकतात, हसण्याच्या जागी हसतात, बोलण्याची वाक्ये मनात घोळवून ठेवतात. या उसन्या वागण्यामुळे त्यांचे निदान चुकते, हे गेल्या दहा-पंधरा वर्षांतील संशोधनातून पुढे आले आहे. आपल्याकडे तर अबोलपणा हा मुलीचा गुणच ठरतो. 'आमची मुलगी कोणाच्या अध्यात ना मध्यात' हे वाक्य स्थळ पाहायला आलेल्या मंडळींपुढे अभिमानाने उच्चारले जाते. तीच मुलगी सासरी गेली की सहा महिन्यांत 'शिष्ट' होते. श्रावणात कानबाईचा उत्सव येतो. सारी भाऊबंदकी एका घरात जमते, रोटांचा स्वयंपाक, रात्रभर गाणी, दहा बायका एका ओट्यापाशी. ज्या सुनेला कुकरची शिट्टी आणि दोन संभाषणे एकदम ऐकली की डोके फुटेल असे वाटते, ती मागच्या खोलीत जाऊन बसते. मग वर्षभर त्याची चर्चा होते. ती आळशी नसते, गर्विष्ठही नसते. आपण असे का, हे तिला स्वतःलाच सांगता येत नाही. निदानाची सर्वाधिक गरज अशा स्त्रीला आहे आणि निदानाची सर्वाधिक भीतीही तिलाच आहे, कारण कागदावर आलेला शब्द उद्या न्यायालयात वापरला जाईल अशी धास्ती असते. हिंदू विवाह कायद्यात मनोविकार हे घटस्फोटाचे एक कारण आहे, हे खरे. परंतु केवळ विकाराचे नाव पुरेसे नाही, सहजीवन अशक्य व्हावे इतकी त्याची तीव्रता सिद्ध झाली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ च्या एका निकालात स्पष्ट केले आहे. हा निकाल छिन्नमनस्कतेच्या प्रकरणातील होता. त्यातील तत्त्व येथे अधिकच जोराने लागू पडते.

प्रौढांच्या स्वमग्नतेची चर्चा सुरू झाली की गतकाळातील थोरांना हा शिक्का मारण्याचा मोह अनेकांना आवरत नाही. पाश्चात्त्यांनी न्यूटनपासून कित्येकांना या रांगेत बसविले. खानदेशालाही अशा उमेदवारांची उणीव नाही. मराठ्यांच्या इतिहासाची साधने बावीस खंडांत प्रसिद्ध करणारे, दप्तरांच्या मागे गावोगाव वणवण करणारे आणि स्वतः उभारलेल्या मंडळाशीही फटकून वागणारे इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरच्या दिवशी धुळ्यात वारले. धरणगावचे बालकवी १९१८ मध्ये भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली सापडून गेले. चाळीसगावचे केकी मूस यांनी तर सुमारे पन्नास वर्षे घराचा उंबरठा क्वचितच ओलांडला आणि टेबलावर मांडलेल्या लहानसहान वस्तूंतून अद्भुत छायाचित्रे घडविली. १९८९ मध्ये त्याच घरात त्यांचे निधन झाले. यांपैकी कोणी स्वमग्न होते असे म्हणण्याला कसलाही आधार नाही. मृतांची मुलाखत घेता येत नाही, आणि त्यांच्या एकांताची कारणे सर्वस्वी निराळी असू शकतात. मात्र एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. या माणसांच्या तऱ्हा समाजाने सोसल्या, पुढे त्यांच्या दंतकथाही केल्या. मूस यांना स्वतःचे घर होते, त्यांच्यावर कोणी वरिष्ठ नव्हता, बदलीचा हुकूम येणार नव्हता. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला किंवा तहसील कचेरीतील लिपिकाला असा एकांत परवडत नाही. त्याच्या तऱ्हेवाईकपणाची दंतकथा होत नाही. त्याच्या गोपनीय अहवालात शेरा येतो.

कायद्याने याबाबत काय केले आहे? १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नतेला प्रथम स्थान दिले. परंतु त्या कायद्यात प्रौढ स्वमग्न व्यक्तीचा विचार प्रामुख्याने पालकत्वाच्या दृष्टीने आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती तिच्यासाठी पालक नेमते. स्वतः पगार मिळवणारा आणि घर चालवणारा स्वमग्न मनुष्य त्या कायद्याच्या कर्त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने, जो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला, एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांत स्वमग्नता समाविष्ट केली, सरकारी नोकऱ्यांत राखीव जागा ठेवल्या आणि मालकाने 'वाजवी सोयी' दिल्या पाहिजेत हे तत्त्व घातले. राखीव जागेसाठी चाळीस टक्क्यांची अट आहे. हे टक्के कसे मोजायचे? त्यासाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली चाळीस कलमांची भारतीय मोजपट्टी २०१६ मध्ये अधिकृत ठरली. सत्तरपेक्षा कमी गुण आले की स्वमग्नता नाही, असा तिचा हिशेब. तिची कलमे पाहिली की ती मुख्यतः लहान वयातील आणि तीव्र स्वरूपाची अवस्था मोजण्यासाठी घडली आहे हे दिसते. ज्याने तीस वर्षे खटपट करून नजर भिडवण्याची, हसण्याची आणि 'काय म्हणता, बरे आहे ना' म्हणण्याची सवय लावून घेतली, तो मंडळापुढे जाऊन नीट बोलतो आणि नीट बोलल्याबद्दल नापास होतो. त्या नीट बोलण्याची किंमत त्याने घरी येऊन अंधाऱ्या खोलीत किती तास पडून मोजली, हे मोजपट्टीवर कोठेच उमटत नाही.

अशा माणसासाठी दार अगदीच बंद आहे असे मात्र नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, हाताच्या पेटक्यामुळे लिहू न शकणाऱ्या एका परीक्षार्थीच्या प्रकरणात, चाळीस टक्क्यांची अट राखीव जागांसारख्या विशिष्ट लाभांपुरतीच आहे, वाजवी सोयी मिळण्याचा हक्क त्याहून व्यापक आहे, असा निर्णय दिला. या निर्णयाची माहिती किती कार्यालयप्रमुखांना आहे? वास्तविक अशा कर्मचाऱ्याच्या मागण्या शासनाला खर्चात टाकणाऱ्या नसतात. तोंडी हुकमाऐवजी लेखी सूचना, खिडकीवरच्या कामाऐवजी आतल्या टेबलाचे काम, बदल करावयाचा असेल तर दोन दिवस आधी पूर्वसूचना, एवढ्यावर बहुतेकांचे भागते. चांगल्या कचेरीत या गोष्टी सर्वांसाठीच असाव्यात, असे कोणी म्हटले तर त्याला उत्तर नाही.

आक्षेप घेणारे म्हणतील की हे नवे सोंग आहे; उद्या बदली टाळण्यासाठी जो तो स्वमग्न होईल. हा आक्षेप निराधार नाही. दिव्यांगत्वाच्या खोट्या प्रमाणपत्रांची प्रकरणे महाराष्ट्रात गाजली आहेत आणि २०२४ मध्ये तर एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून देशभर चर्चा झाली. परंतु खोटी नाणी निघतात म्हणून टाकसाळ बंद करीत नाहीत. किंबहुना खऱ्या तपासणीची सोय जेथे नाही, तेथेच खोट्याचे फावते. शिवाय शंका घेऊन येणाऱ्या प्रौढांतील बहुतेकांना ना बदली टाळायची असते, ना सवलत हवी असते. आपण आळशी नव्हतो, निष्ठुर नव्हतो, आपल्या मेंदूची घडणच निराळी आहे, एवढे कोणी जाणत्याने सांगितले तरी पुष्कळांचा जन्माचा भार हलका होतो. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडले की न समजणे हे एकतर्फी नसते. स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही तसे इतरांनाही त्याचे कळत नाही. फरक एवढाच की बहुसंख्यांच्या अज्ञानाला विकार म्हणत नाहीत.

संख्येचा प्रश्न उरतो. इंग्लंडमध्ये २००७ साली प्रौढांची जी पाहणी झाली तीत शंभरांमागे सुमारे एक जण स्वमग्न आढळला. भारतात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली मोठी पाहणी उत्तर गोव्यासह पाच ठिकाणी झाली. पण ती दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची होती. २०११ च्या जनगणनेनुसार जळगाव आणि धुळे जिल्ह्यांची एकत्रित लोकसंख्या सुमारे ६३ लाख होती. इंग्लंडचे प्रमाण येथे जसेच्या तसे लागू करणे योग्य होणार नाही. परंतु त्याचा चौथा हिस्सा धरला तरी आकडा हजारांत जातो. या हजारांसाठी काय आहे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालील जिल्हा केंद्रे अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहेत. राज्यातील चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत, आणि तशी ती खानदेशात असती तरी या प्रश्नासाठी तेथे जायला कोणी धजले नसते. २०२२ पासून सुरू झालेल्या १४४१६ या दूरध्वनीवर मराठीत बोलता येते, ती सोय चांगली आहे, पण दूरध्वनीवर निदान होत नाही.

करता येण्यासारखे मात्र पुष्कळ आहे आणि त्यासाठी नव्या इमारतीची गरज नाही. धुळ्याला भाऊसाहेब हिरे वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावला २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दोहोंच्या मनोविकार विभागांनी आठवड्यातून एक दुपार केवळ प्रौढांच्या अशा तपासणीसाठी राखून ठेवावी, घाई न करता एकेका माणसाला पुरेसा वेळ द्यावा, म्हणजे पुण्या-मुंबईच्या खेपा वाचतील. बहिणाबाई चौधरी विद्यापीठातील आणि त्याच्याशी संलग्न महाविद्यालयांतील मानसशास्त्राच्या अध्यापकांनी प्रश्नावल्यांची मराठी आणि अहिराणी रूपे तयार करण्याचे काम अंगावर घ्यावे. केवळ शब्द बदलून भागणार नाही, मेजवानीच्या जागी जत्रा आणि नाटकाच्या जागी लग्नमंडप आणावा लागेल. जळगावातच दीपस्तंभ संस्थेच्या मनोबल प्रकल्पात दिव्यांग विद्यार्थी स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. ज्यांचे दिव्यांगत्व डोळ्यांना दिसते त्यांच्यासाठी या मातीत काम उभे राहू शकते, हे त्यावरून सिद्धच आहे. राज्य शासनाने २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला. प्रौढांसाठी वेगळी मोजपट्टी असावी असा आग्रह केंद्राकडे धरणे हे त्या विभागाचे काम आहे.

या कामाला एक मुदतही आहे, जी कोणत्याही शासन निर्णयात लिहिलेली नाही. प्रौढाच्या निदानासाठी त्याच्या बालपणाची साक्ष लागते: केव्हा बोलू लागला, कोणाबरोबर खेळला, कशाने बिथरत असे. आज पन्नाशीत असलेल्यांच्या आया पंच्याहत्तरीच्या पुढे गेल्या आहेत. थोरली बहीण लग्न होऊन सुरतेला किंवा इंदूरला गेलेली असते. गावच्या शाळेच्या माळ्यावर जुनी प्रगतिपुस्तके असलीच, तर वाळवीने अर्धी खाल्लेली असतात. आणि ज्या गुरुजींनी कधी काळी 'हुशार आहे, पण वर्गात मिसळत नाही' असा शेरा त्यांत लिहिला, ते निवृत्त होऊनही आता वीस-पंचवीस वर्षे झाली.